रंगाआधी गंज पाहू

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. साताऱ्यात शिकलो आणि पुढची सारी नोकरी सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या देखभाल विभागात झाली. म्हणजे पगार मिळाला तो गंजाशी भांडण्याचा. तेव्हा गंजावरच बोलतो. त्यामागे एक कारणही आहे, ते शेवटी सांगेन.

आपल्या सरांनी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवले होते, आठवतंय? एकीत साधे पाणी, दुसरीत उकळून थंड केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. गंजला तो पहिलाच खिळा. नुसत्या पाण्याने लोखंड गंजत नाही, नुसत्या हवेनेही नाही; ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र यावे लागतात. कारखान्याचा बॉयलर याच धड्यावर टिकतो. त्याला जाणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन आधी काढून टाकतात. हंगाम संपला की तो एक तर ऑक्सिजन काढलेल्या अल्कधर्मी पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचा, नाहीतर पूर्ण वाळवून, आत कळीचा चुना ठेवून बंद करायचा. अर्धवट ओला राहिला की नळ्यांना खड्डे पडलेच म्हणून समजा.

हवामानाचा वाटाही मोठा. आपला सातारा जिल्हाच पाहा. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, माण तालुक्यात सुमारे ५००. पत्र्यावरचे जस्त आधी स्वतः झिजते आणि खालचे लोखंड वाचवते. पत्रा सतत ओला राहिला की जस्त लवकर संपते. म्हणून म्हसवडला वर्षानुवर्षे टिकणारा पत्रा महाबळेश्वरात लवकर तांबडा होतो.

मग आम्ल. उसाच्या ताज्या रसाचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो. त्यात चुना पडेपर्यंत तो वाटेतले लोखंड खात राहतो. साचलेला रस आंबला की आम्ल आणखी वाढते. मिल वरचेवर धुतात ती केवळ स्वच्छतेसाठी नव्हे.

आणि मीठ. वाळवा-मिरज भागातल्या क्षारपड जमिनी तुम्हाला माहीत आहेत. गंजणे ही मुळात विजेची क्रिया आहे आणि खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. शिवाय त्यातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. अशा पाण्यात लोखंडी पाइपाला पितळी व्हॉल्व्ह जोडला, तर सांध्यापाशी लोखंड लवकर जाते. पितळ शाबूत राहते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. नदीकाठचे पंप, मोटारी पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेल्या यंत्रापेक्षा बाहेर काढून गाळासकट ओले पडलेले यंत्र अधिक वेगाने गंजते, कारण तिथे ओलाव्याला भरपूर हवा मिळते. यंत्र वर आले की लगेच धुणे, वाळवणे आणि तेल-ग्रीस लावणे, यावरच ते वाचते की भंगारात जाते हे ठरते.

आता सगळ्यात लबाड गंज, न दिसणारा. चांगल्या काँक्रीटचा सामू १२ च्या वर असतो, त्यामुळे आतली सळई सुरक्षित राहते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करतो. त्यात गच्ची गळत असेल तर सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. गोव्यातला मांडवी नदीवरचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. वरून जाणाऱ्याला त्या कशा दिसणार?

आता ते कारण. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या जुन्या इमारतीला रंग द्यायचे घाटते आहे. आज सकाळी मी व्हरांड्याचे छत पाहिले. सळयांच्या ओळीतच तांबूस डाग आहेत, बारीक भेगा आहेत आणि दोन ठिकाणी ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. रंगाने डाग झाकले जातील, गंज थांबणार नाही. त्याच छताखाली मुले डबा खायला बसतात.

म्हणून माझी विनंती आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घेऊ. मग गच्चीची गळती बंद करू. सुटे काँक्रीट काढून, सळया चहूबाजूंनी घासून, त्यांना संरक्षक लेप देऊन नीट दुरुस्ती करू. अहवाल येईपर्यंत मुलांना त्या जागी बसवू नये, अशी मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती. दुरुस्तीवर देखरेख करायला मी सांगलीहून येईन, मानधन नको. पैसे उरले तर रंग देऊ. नाही उरले, तर यंदा इमारत जुनीच दिसू दे.