तेल खाणारे जंतु आणि खाजणाची माती

वसईच्या किनाऱ्यावर समुद्र मासळी आणतो, तसे पावसाळ्यांत कधीं कधीं डांबराचे काळे गोळेही आणून टाकतो. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ ‘चित्रा’ व ‘खलिजिया’ ह्या जहाजांची टक्कर होऊन शेंकडों टन तेल सांडलें व तें तिवरांपर्यंत पोंचलें. वाळू फावड्यानें उचलतां येते. तिवरांच्या चिखलांत फावडें चालत नाहीं. तेथें शेवटचें काम जंतूंचें.

तेल हें कांहीं जंतूंचें अन्नच आहे. आनंद मोहन चक्रवर्ती ह्या भारतीय शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत तेलाचे निरनिराळे घटक पचविण्याचे गुण एकाच स्यूडोमोनास जंतूंत एकत्र आणले. १९८० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्याचें पेटंट ग्राह्य धरलें. परंतु सांडलेलें तेल साफ करण्यास तो जंतु कधीं सोडला गेला नाहीं. मानवनिर्मित जीव मोकळा सोडण्याचें भय होतेंच. शिवाय मूळ प्रश्न हा कीं, सोडलेला जंतु तेथें जगेल काय?

प्रयोगशाळेंत ऊब आणि आयतें अन्न असतें; मातींत उपासमार, खारटपणा आणि जंतूंनाच गिळणारे आदिजीव. तेल पचविण्याचीं जनुकें, म्हणजे आनुवंशिक गुणांचे वाहक, पुष्कळदां प्लाझ्मिड नांवाच्या सुट्या कड्यांवर असतात. निरुपयोगी झालेलें तें ओझें पुढील पिढ्यांतून गळून जाऊं शकतें. जगण्याचीं जनुकें निराळीं. कांहीं उपासमारींत देहव्यापार आवरून धरतात. कांहीं खारटपणा सोसण्यासाठीं पेशींत रक्षक द्रव्यें सांठवितात. बॅसिलस तर कठीण कवचाचे बीजाणु करून वाईट काळ काढतो.

म्हणूनच पाहुण्यापेक्षां रहिवासी जंतु बहुधा कामीं येतो. १९८९ सालीं अलास्कांत ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजाचें तेल सांडलें, तेव्हां किनाऱ्यावर नत्र व स्फुरद ह्यांचें खत घालण्यांत आलें आणि तेथल्याच जंतूंचें काम वाढलें. वसईच्या मिठागरांकांठच्या मातींतील जंतूंस क्षार सोसण्याची शिदोरी अशीच वारशानें मिळालेली आहे. मात्र चिखलाच्या पोटांत हवा थोडी. तेथें मुरलेलें तेल वर्षानुवर्षें टिकतें.

तेव्हां कोणी जंतूंची पूड नाल्यांत ओतूं लागला, तर नागरिकांनीं दोन गोष्टी विचाराव्या : हा जंतु काय खातो, आणि येथें किती दिवस जगतो? आणि खाजणावर भराव पडूं लागला, तर तिवरांबरोबर हे जुने रहिवासीही गाडले जात आहेत, हें ध्यानांत ठेवावें.