इंजिनाचा पिवळा दिवा

श्रोतेहो, पनवेल म्हणजे कोकणचे दार. इथून भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे निघालात आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर काय कराल?

घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. दिवा लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. स्थिर असेल, तर सावकाश गॅरेज गाठा.

डिझेल गाडीत याचे एक नेहमीचे कारण ईजीआर व्हॉल्व्ह. ही झडप धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून ज्वलनाची आच उतरते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी बनतात. पण धुराबरोबर काजळीही येते. कंदिलाची काच काळवंडते ना, तशीच ही झडप काजळून अडकते. ती उघडी अडकली, तर गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर सोडते.

मिस्त्रीला आधी स्कॅनर लावायला सांगा. ‘पी ०४०१’ आले, तर धूर पुरेसा फिरत नाही एवढेच कळते. झडप गेलीच, असे नव्हे! नळी तुंबली असेल, वायर सैल असेल. आधी तपासणी, मग सफाई. नवा भाग शेवटी.

कुणी म्हणेल, "पत्रा लावून वाट बंद करतो." तसे मुळीच करू देऊ नका. तोच विषारी वायू शाळेपुढून जाताना आपल्याच पोरांच्या छातीत जातो. गुरुजी, वर्गात हे एकदा जरूर समजावा.