रोज एक छायाचित्र



या वासंतिक व्याख्यानांत मोठमोठ्या विषयांची चर्चा होते. त्यांच्या रांगेत मी आज एक लहानसा विषय घेऊन उभा आहे. हौसेने छायाचित्रे काढणारी माणसे, त्यांचा रोजचा अभ्यास आणि त्यांनी एकमेकांस द्यावयाचा अभिप्राय, हा तो विषय. लहान खरा; पण आज कॅमेरा जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. जी वस्तू सर्वांच्या हाती येते, ती कशी वापरावी याचा विचारही सर्वांनाच करावा लागतो.

आपण नालवाडीत बोलत आहोत, म्हणून आरंभ येथूनच करतो. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याहून येथे राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. मधल्या काळात त्यांनी येथे कताईचे प्रयोग केले. रोज तासन् तास कातावयाचे आणि त्या मजुरीवर निर्वाह होतो का ते पाहावयाचे, असा तो प्रयोग होता. कताईत एक सोय आहे. सूत खोटे बोलत नाही. हात जेथे चुकला तेथे तार जाड होतो किंवा तुटतो. कातणाऱ्याला आपली चूक तेथल्या तेथे कळते.

छायाचित्राचे तसे नाही. त्यातील चूक काढणाऱ्याला बहुधा दिसतच नाही, आणि याचे कारण विचार करण्याजोगे आहे. चैत्रात मी माझ्या अंगणातील कडुनिंबाचे चित्र काढतो. ते पाहताना मला मोहराचा वास आठवतो, वाऱ्याची झुळूक आठवते, शेजारच्या मुलांचा गलका आठवतो. पाहणाऱ्याला मात्र एक फांदी दिसते, आणि तिच्यामागून गेलेली विजेची तार दिसते. मी आठवण पाहत असतो, तो चित्र पाहत असतो. म्हणून छायाचित्र काढणाऱ्यास दुसऱ्याचा डोळा उसना घ्यावा लागतो. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ एवढ्यात आहे.

ही गरज नवी नाही. आपल्या देशातील हौशी छायाचित्रकारांनी ती फार लवकर ओळखली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव त्या काळच्या छायाचित्रकारांत येते. तेव्हा काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. आपल्या उन्हाळ्यात ती काच किती लवकर वाळत असेल, याची कल्पना वर्ध्याच्या माणसास करून द्यावयास नको! एवढे कष्ट करून माणसे घरी स्वस्थ बसली नाहीत. ती एकत्र जमली, एकमेकांची चित्रे पाहू लागली. १८५६ पासून मुंबईत हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा एक संग्रहही मासिकाप्रमाणे निघू लागला.

इंग्लंडातील हौशी मंडळींनी याहून साधी युक्ती काढली. वेगवेगळ्या गावी राहणारे दहावीस सभासद टपालाने एक पेटी फिरवीत. प्रत्येकाने आपले एक चित्र तीत ठेवावयाचे, इतरांच्या चित्रांवर सोबतच्या कागदावर मत लिहावयाचे आणि पेटी पुढच्या गावी पाठवावयाची. पेटी फिरून घरी आली की आपले जुने चित्र सर्वांच्या मतांसह काढून घ्यावयाचे व नवे ठेवावयाचे. मत लिहिणाऱ्याला मध्ये अवधी मिळे. चित्र दोन दिवस समोर राही. आज चित्र क्षणात पोचते आणि मतही क्षणात येते. वेग वाढला याचे मला दुःख नाही. पण पाहण्याचा अवधी त्याबरोबर गेला, तो मात्र आपण प्रयत्नाने परत आणला पाहिजे.

आता आपल्या शेजारी येऊ. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहावयास आले. त्या गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० मधले. तेथे त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमाचे लिहिण्याचे आणि हिशेबाचे काम करीत असे. वय विशीच्या आसपास. आश्रमाच्या जीवनाची छायाचित्रे काढावी, असे त्याला विनोबांचे बंधू शिवाजीराव भावे यांनी सुचविले. घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले आणि रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. झगझगता कृत्रिम प्रकाश वापरावयाचा नाही. मला अमुक रीतीने बसा, असे सांगावयाचे नाही. आणि या कामासाठी आश्रम पैसा देणार नाही.

या अटींकडे छायाचित्रकाराच्या दृष्टीने पाहा. कुटीच्या आत उजेड बेताचा. त्या काळची फिल्म मंद. म्हणजे कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवावयाची आणि तोवर श्वास रोखून हात स्थिर ठेवावयाचा. एका फिल्मवर चित्रे १२. पैसा मोजका, म्हणून एकही वाया घालवावयाचे नाही. समोरचा माणूस आपल्यासाठी थांबणार नाही, म्हणून त्याच्या हालचालींची लय आपण ओळखावयाची. शिवाय तो कॅमेरा छातीपाशी धरून वरून खाली पाहावयाचा असतो. चित्र घेणाऱ्याची मान आपोआप लवते. अटींनी हात बांधले, पण डोळा शिकला. १९४८ पर्यंत कनू गांधींनी ही चित्रे काढली. गांधीजींचे घरगुती, सहज रूप आज आपल्या डोळ्यांसमोर येते, त्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे. तरीही १९४४ मध्ये आगाखान राजवाड्यात कस्तुरबांच्या अंतकाळी गांधीजींनी त्यांना चित्र घेऊ दिले नाही. काही चित्रे न काढण्यासाठीच असतात, हाही त्या शिक्षणाचा भाग होता.

दुसरी हकीकत १९४६ ची, पुण्याची. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चरख्यासह चित्र घ्यावयास आल्या. त्यांना सांगण्यात आले की आधी चरखा चालवावयास शिका. जगप्रसिद्ध बाई, वेळेची घाई. पण त्यांना कातावयास बसावे लागले. मला ही अट विनोदाची वाटत नाही. ज्याचे काम आपण टिपणार, त्या कामाची थोडी तरी ओळख आपल्याला हवी.

हे मला वाचून माहीत होते. पटले मात्र स्वतःची चूक झाल्यावर.

आम्ही पाचसहा स्नेह्यांनी एकदा ठरविले की प्रत्येकाने रोज एक छायाचित्र काढावयाचे आणि रात्री एकमेकांस पाठवावयाचे. नियम दोनच. चित्र एकच पाठवावयाचे, आणि नुसते ‘छान’ एवढेच लिहावयाचे नाही. त्यातून पुष्कळ शिकलो. भर दुपारी पांढरा सदरा उन्हात घेतला तर चित्रात त्याचे नुसते ठिगळ दिसते, माणसाला दोन पावले सावलीत घ्या, हे मला एका शिंप्याने शिकविले. क्षितिज कलले आहे, हे एका शाळकरी मुलीने दाखविले.

एके दिवशी मी रस्त्याकडेला बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकाराच्या चेहऱ्याचे चित्र काढले. सुरकुत्या, बाजूने आलेला उजेड. सर्वांनी वाखाणले. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी मात्र दोनच प्रश्न लिहिले : “त्यांना विचारले होते का? आणि त्यांचे हात कोठे आहेत?” मी विचारले नव्हते, आणि हात कापले गेले होते.

मला राग आला. रात्रभर राहिला. सकाळी मी त्या गृहस्थांकडे गेलो, चित्र दाखविले, क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “थोबाड काय पायता जी माह्यं, शिवण पाहा ना!” मग मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसलो. आरी कशी जाते, दोरा दोन्ही बाजूंनी कसा ओढतात, ते त्यांनी दाखविले. त्यानंतर त्यांच्या परवानगीने मी हातांचे चित्र घेतले. माझ्या चित्राचा सर्वांत जाणता टीकाकार त्या चित्रातच बसलेला होता, आणि मी त्यालाच विचारले नव्हते.

पावसाळ्यानंतर ती जागा रिकामी दिसली. काही दिवसांनी त्यांचा मुलगा आला. वडिलांचा एकही फोटो घरात नाही, तुमच्याकडे आहे म्हणतात, असे म्हणाला. मी दोन्ही चित्रे पुढे ठेवली. त्याने भिंतीवर लावावयास चेहऱ्याचे घेतले. आठवड्याने तो पुन्हा आला : आईला हातांचेही हवे आहे.

तेव्हा आमच्या मंडळातील वादाचा निकाल कोणी दिला? आम्ही ज्यात चूक पाहिली ते चित्रही एका घराला हवे होते. म्हणून अभिप्राय देणाऱ्यानेही नम्र असावे. त्याचे बोलणे शेवटचे नसते.

माझ्या अनुभवाचे सार तीन गोष्टींत सांगतो. पहिली, मत देण्यापूर्वी चित्र मिनिटभर तरी पाहावे. दुसरी, जे दिसले तेच सांगावे. ‘अप्रतिम’ या शब्दाने काढणाऱ्याला काहीच कळत नाही, ‘उजव्या कोपऱ्यातील बादली डोळा ओढून घेते’ याने कळते. तिसरी, चित्राविषयी बोलावे, माणसाविषयी नव्हे. आणि ज्याचे चित्र आहे, त्याला ते दाखविल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये. कौतुक करणारे मित्र पुष्कळ मिळतात. आपल्या चित्रासमोर थांबून एक खरा प्रश्न विचारणारा मित्र मिळाला, तर त्याला जपावे. माझ्या त्या शिक्षकमित्रांचे आभार मी फार उशिरा मानले. तुम्ही उशीर करू नका.

आज घरी जाल तेव्हा खिशातील कॅमेऱ्याने एक चित्र काढा. घरातील वडीलधाऱ्यांचे काढा, त्यांच्या कामाचे काढा. आधी विचारा, मग काढा, आणि त्यांना दाखवून ते काय म्हणतात ते ऐका. उद्या पुन्हा एक काढा. सूत रोज कातल्यानेच बारीक होते.