रांधणाऱ्या हाताचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे बोलायला सांगितले आणि विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपवले. मी काही व्याख्याती नव्हे. तेव्हा ज्या विषयात आपल्यापैकी प्रत्येकीचा हात रोज गुंतलेला असतो तोच घेतला आहे. तो म्हणजे स्वैपाक. स्वैपाक कसा करावा हे सांगण्याचे धाडस मी या सभेत करणार नाही. इथे माझ्यापेक्षा सुगरणी पुष्कळ बसल्या आहेत. स्वैपाकाचे मोल आपण करतो का, आणि करायचे तर कसे करावे, एवढेच चार शब्द बोलणार आहे.

2025 साली माझ्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. घरी पूजा झाली, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झाले. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आज आजीला आपण बाहेर जेवायला नेऊ. घरात कुणी चूल पेटवायची नाही." आम्हाला त्याने कुठे न्यावे? लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात! तिथे आता दुकाने आहेत, सिनेमागृहे आहेत, मुलांना रमायला जागा आहेत, आणि मोठमोठी उपाहारगृहे आहेत. सासूबाई, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि अकरावीतली नात असे सहाजण गेलो.

जागा सुरेख होती. पांढरेशुभ्र हातरुमाल, मऊ गाद्यांच्या खुर्च्या, आणि इतकी थंड हवा की सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. पदार्थांची यादी म्हणजे एक पुस्तकच होते. त्यात नातीला ज्वारीची भाकरी सापडली. सासूबाईंना आनंद झाला. भाकरी आली ती तळहाताएवढी, काळ्या दगडी ताटलीत, शेजारी लोण्याचा गोळा आणि ठेचा. सासूबाईंनी भाकरीचा पापुद्रा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगली फुगलीय. हात बसलाय कुणाचा तरी." मग वाढायला आलेल्या मुलाला त्यांनी विचारले, "आत सैपाक कोण करतंय रं? बाया हायत का?"

तो मुलगा ओडिशाचा. त्याला मराठी बेताचेच येत होते. नातीने प्रश्न समजावून सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, आत सगळे पुरुषच आहेत. सासूबाईंनी त्याला पुढे विचारले, तू राहतोस कुठे, जेवतोस काय? तो आठजणांबरोबर एका खोलीत राहत होता. आणि रात्रीचे जेवण? "एक मौशी डबा देती है, आजी."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे अजून चालू हाय की!"

त्यांना काय म्हणायचे होते ते इथल्या जुन्या मैत्रिणींच्या लक्षात आले असेल. माझ्या सासूबाईंनी 1968 ते 1982 अशी चौदा वर्षे डिलाइल रोडच्या एका खोलीत खाणावळ चालवली. त्यांचे सोळा मेंबर होते, सगळे सातारकडचे. सकाळी सातचा भोंगा व्हायच्या आत पहिल्या पाळीच्या माणसांची सोय, साडेतीनला ती माणसे सुटली की त्यांचे जेवण, मध्यरात्री दुसरी पाळी सुटली की त्यांची पंगत. एक स्टोव्ह, एक शेगडी, एक काठवट आणि दोन हात.

नात हे सगळे ऐकत होती. तिने फोनवर गुणाकार मांडला. सोळा माणसे, दोन वेळा, तीस दिवस, म्हणजे महिन्याला 960 ताटे. वर्षाला 11,520. चौदा वर्षांत 1,61,280. गावी जाण्याचे खाडे वजा केले तरी दीड लाख ताटांच्या आसपास. ती म्हणाली, "आजी, दीड लाख! तुझं नाव कुठे लिहिलंय?"

सासूबाई म्हणाल्या, "कुठं लिवणार? रेशनकार्डावर हाय की."

मैत्रिणींनो, रेशनकार्डावर त्यांच्या नावापुढे कामधंदा म्हणून "घरकाम" असे लिहिलेले आहे. मामंजींच्या नावापुढे "गिरणी कामगार". घरात पैसा येतो तो मामंजींच्या पगाराचा, असेच सारे समजत. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. मामंजी भला माणूस होता. पण ज्या कामावर सोळा माणसे गिरणीत उभी राहत होती त्या कामाला नाव नव्हते, हे खरे.

थोडा मागचा इतिहास सांगते, कारण आपल्या मुलींना तो ठाऊक नाही. मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्याचे काम कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली हाती घेतले. फिनिक्स मिल 1905 सालची. गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून माणसे आली. बायकामुले गावी, आणि इथे एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपायची. गिरणीने माणसाला पगार दिला, पण त्याच्यापुढे भाकरी ठेवली ती चाळीतल्या बाईने. तिचा नवरा कधी आजारी, कधी कामावरून कमी झालेला, कधी वारलेला. म्हणून ती मेंबर घ्यायची.

या धंद्याची खरी अडचण स्वैपाकाची नव्हती, उधारीची होती. मेंबर पैसे देणार पगाराच्या दिवशी. तोवर तांदूळ, ज्वारी, तेल, घासलेट आणायचे कुठून? वाण्याकडून उधारीवर. उधारीचा माल महाग, त्यावर व्याज. पगाराच्या दिवशी मेंबरांचे पैसे बाईच्या हातात यायचे आणि संध्याकाळपर्यंत वाण्याच्या गल्ल्यात जायचे. चौदा वर्षे राबून सासूबाईंच्या गाठीला शिल्लक राहिली नाही याचे कारण हेच.

ही गाठ ज्यांनी ओळखली त्या प्रेमाताई पुरव. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेली ही बाई गिरणगावात कामगार चळवळीत होती. त्यांनी 1975 साली खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांचे गट करायचे, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि बँकेतून रास्त व्याजाने कर्ज मिळवायचे, असा तो मार्ग. 1969 साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण बँकेची पायरी बाई चढली ती अशी कुणीतरी हात धरल्यावर. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्यांचा मोठेपणा एवढ्यात आहे की चुलीपुढच्या बाईला त्यांनी धंदा करणारी बाई म्हटले.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचे नाव तुमच्या घराघरांत ठाऊक आहे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबत गेला तशी माणसे गावी परतली, आणि मेंबर गेले तशा खाणावळी बसल्या. सासूबाईंच्या वहीत अकराजणांची बाकी राहिली. त्यांनी ती मागितली नाही. "उपाशी माणसाकडं काय मागायचं?" एवढेच त्या म्हणतात. वाण्याने मात्र त्यांच्याकडून मागितले, आणि हातातल्या दोन बांगड्या गेल्या.

गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढे आला. 1991 साली सरकारने नियम केला, 2001 साली तो बदलला, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. मालकाला किती, पालिकेला किती, म्हाडाला किती, असा वाद झाला. कामगारांच्या घरांसाठी 2012 पासून सोडतीही निघाल्या. त्या मिळाल्या त्यांचे भले झाले, अजून पुष्कळजण वाट पाहत आहेत. पण कामगार म्हणून नाव लागायला गिरणीच्या मस्टरवर नाव हवे. खाणावळवाली बाई कुठल्या मस्टरवर? हिश्शांच्या त्या हिशेबात तिचा रकानाच नव्हता.

आता त्या दिवशीच्या बिलाकडे येते. जेवणाचे 9,400 रुपये झाले, त्यावर पाच टक्के जीएसटी 470, एकूण 9,870. माणशी 1,645 रुपये. आमचे हे चरकले. मुलगा म्हणाला, "बाबा, जागेचं भाडं आहे, आचाऱ्यांचा पगार आहे, वाढणाऱ्यांचा आहे, वीज आहे. हे सगळं धरल्यावर एवढं होतं." मुलाचे बोलणे मला पटले, आणि म्हणूनच मी त्याला विचारले, "मग घरच्या ताटात काय काय धरतोस?"

तो निरुत्तर झाला नाही. आमची मुले हुशार आहेत. तो म्हणाला, "घरी प्रेमाने करतेस ना, आई." मी म्हटले, प्रेम आहेच. पण प्रेमाने केले म्हणून कणीक आपोआप मळली जात नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2024 साली, माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे जातात, आणि ते काम करणाऱ्या पुरुषाची 88 मिनिटे. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, त्यांचा दीड तास. उपाहारगृहात पगार मिळतो तिथे चुलीपुढे पुरुष उभा राहतो, त्याला कमीपणा वाटत नाही. घरी पगार नाही, तिथे ते काम बायकांचे ठरते. हे कोडे आपणच सोडवायला हवे.

कुणी म्हणेल, बाई, मग काय घरात दरपत्रक लावायचे? मुळीच नाही. घर म्हणजे दुकान नव्हे. पण मोजल्याशिवाय कष्ट दिसत नाहीत, आणि न दिसलेल्या कष्टाला विश्रांती कुणी देत नाही. म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवते.

पहिली. प्रत्येकीने एक महिना वहीत रोज लिहावे, की निवडणे, आणणे, रांधणे, वाढणे, आवरणे यांत किती वेळ गेला. महिनाअखेर ती वही घरात सर्वांपुढे मोठ्याने वाचावी. भांडण करू नये, नुसती वाचावी.

दुसरी. आठवड्यातून एक वेळ घरातल्या रांधणारीला सुट्टी. त्यासाठी हॉटेलात जायला नको. पिठले-भात मुलाला आणि नवऱ्याला जमतो. मीठ जास्त पडले तर हसून खावे, पण उठून मदतीला जाऊ नये. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे, हे मला माहीत आहे!

तिसरी. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना फराळ लागतो, जेवणे लागतात. ती कामे डबे करणाऱ्या बायकांना आणि बचत गटांना द्यावीत, आणि पैसे त्याच दिवशी हातात द्यावेत. खाणावळवालीला उधारीने बुडवले, हे आपण विसरता कामा नये. बाहेर जेवायला गेलात तरी हेच धोरण ठेवा. बिल वाचा. त्यात आपोआप "सेवाशुल्क" लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते उचलून धरले आहे. कुठे अडले तर 1915 या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार घेतात. ज्या मुलाने आपुलकीने वाढले त्याला खुशीने काही द्यायचे ते त्याच्या हातात द्या.

चौथी सूचना मला सर्वांत जवळची आहे. आपल्या भागात खाणावळ चालवलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी एखादी जाते, आणि तिच्याबरोबर मेंबरांची नावे, पाळ्यांच्या वेळा, कालवणांच्या रीती, संपातल्या आठवणी जातात. मंडळाने एक जाड वही घ्यावी. आपल्या मुली-नातींनी त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि नाव, गाव, कुठल्या चाळीत किती वर्षे, किती मेंबर, हे सारे लिहून आणावे. पुढच्या वर्धापनदिनाला ती वही या टेबलावर असावी. गिरणीच्या मस्टरवर त्यांची नावे नव्हती. निदान मंडळाच्या वहीत तरी असोत.

पहिल्या पानासाठी माझ्या सासूबाईंची माहिती मी लिहून आणली आहे. दुसरे पान कोण भरणार, ते चहाच्या वेळी चिटणीसबाईंना सांगावे.