आधी शिकार, मग जेवण, मग कुलूप

(आकाशवाणीवरील भाषण)



शेती-पशुपालनाच्या या वेळेत मी आज मांजरावर बोलणार आहे, आणि तेही पैसे मोजून आणलेल्या मांजरावर. कापसाची बोंडअळी, संत्र्याची फळगळ सोडून डॉक्टरांना हे काय सुचलं, असं काहींना वाटेल. त्यांनी जरा थांबावं, बैलाचाही विषय निघणार आहे.

आमच्या कळमेश्वरातही आता ते बिबट्यासारख्या ठिपक्यांचं मांजर येऊ लागलं आहे. बेंगाल म्हणतात त्याला. नवराबायको दोघंही नोकरीवाले. एक एमआयडीसीत पाळीवर जातो, दुसरी गाडीनं नागपूरला. सकाळी आठला दाराला कुलूप लागतं ते संध्याकाळी सहाला निघतं. मधले दहा तास घर त्या मांजराच्या ताब्यात. मग संध्याकाळी पडदा खाली, तांदळाचा डबा उपडा, देव्हाऱ्यातला दिवा लवंडलेला, आणि माझा फोन वाजतो, "डॉक्टरसाहेब, हे मांजर होय का वांदर जी?"

मांजरच आहे. पण कोणाचं रक्त आहे ते ऐका. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ साली आशियातल्या रानटी बिबट मांजराचा आणि घरच्या मांजराचा संकर घडवला. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी हे काम नेटानं हाती घेतलं. आणि गंमत अशी, की यात एक आपलं देशी मांजरही आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात वावरणारा एक ठिपक्यांचा मोकाट बोका त्यांना दिसला. तो त्यांनी अमेरिकेला नेला. बेंगालच्या अंगावर जी सोनेरी चकाकी दिसते, तिचा मोठा वाटा या दिल्लीकराचा. १९८६ साली तिथल्या मांजर-संघटनेनं ही जात मान्य केली. तुमच्या घरी असतं ते त्या रानटी पूर्वजापासून चारपाच पिढ्या दूर आलेलं असतं. पण चढणं, पाण्यात हात घालणं, हलेल त्याच्यावर झेपावणं, हे चारपाच पिढ्यांत पुसलं जात नाही.

आता बैल. तीन वर्षांचा तगडा गोऱ्हा दावणीला बांधून ठेवा. ढेप द्या, कुटार द्या, पाणी दाखवा, पण औताला लावू नका. आठ दिवसांत तो गव्हाण उकरतो, शेजारच्या जनावराला शिंग लावतो, दावं तोडून रस्त्याला लागतो. मालक म्हणतो, जनावर मारकुटं निघालं. मारकुटं नाही हो, रिकामं आहे! त्याच गोऱ्ह्याला सकाळी दोन तास वखराला लावा आणि मग ढेप-कुटार समोर टाका. दुपारभर डोळे मिटून रवंथ करत बसेल. आपलं गल्लीतलं मांजर म्हणजे बंडीचा बैल. उन्हात पडून राहायला त्याची ना नसते. बेंगाल हे शंकरपटाचं जनावर आहे. पटाची जोडी कोणी कोठ्यात बांधून नोकरीला जातं का? आणि गेलाच, तर निदान पहाटे तिला फिरवून तरी जातो.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी आज दोनतीनदा सांगणार आहे. आधी शिकार, मग जेवण, मग कुलूप. लोक नेमकं उलट करतात. उठल्याबरोबर वाटी भरतात, मांजर खाऊन तासभर झोपतं, आणि तुम्ही कुलूप लावता तेव्हा ते ताजंतवानं होऊन उठतं.

शिकार म्हणजे उंदीर आणायचे नाहीत. काठीला दोरी, दोरीला मोरपीस किंवा चिंधी. ती जमिनीवरून सरपटत न्या, पलंगाखाली दडवा, एकदम वर उडवा. मांजर दबा धरेल, झडप घालेल, चुकेल. मधून मधून एखादी झडप साधू द्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. धाप लागायच्या आधी थांबायचं, शेवटची झडप मात्र हमखास त्याची, आणि लगेच खाणं समोर. मांजराच्या अंगात हाच क्रम आहे. दबा, झडप, शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. तुम्ही क्रम पूर्ण केलात की झोप आपोआप येते. ते लेझरचे लाल ठिपके भिंतीवर फिरवणारे असतात ना, त्यांना माझी विनंती आहे, ते थांबवा. ठिपका कधी हाती लागत नाही. मांजर अर्ध्या शिकारीवर राहतं आणि मग तुमचे पडदे फाडतं.

आणि मोबाइलमधल्या कॅमेऱ्याबद्दलही सांगतो. कचेरीत बसून मांजराकडे पाहत राहणं म्हणजे त्याला सोबत नव्हे, ती तुमची करमणूक. त्या चित्राकडे पाहण्यात जितकी मिनिटं जातात, त्यातली पंधरा सकाळी द्या.

आता आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका. कूलर. यावर मी थोडा वेळ घेणार आहे.

आपल्याकडे मार्च संपला की खिडकीला कूलर लागतो. खिडकी उघडी, बाहेर लोखंडी घोडीवर कूलर, आणि उरलेल्या फटीत थर्माकोल नाहीतर खोक्याचा पुठ्ठा. माणसाला ती खिडकी बंद वाटते. मांजराला ते दार आहे. पुठ्ठा दोन नख्यांत निघतो, आणि डोकं गेलं की अख्खं मांजर जातं. त्या फटीत बारीक लोखंडी जाळी बसवा, तारेनं आवळा. दुसरं, बेंगालला पाण्याची ओढ असते, बाकी मांजरं पळतात तिथे हे हात घालून खेळतं. कूलरची टाकी म्हणजे त्याच्यासाठी तळं. त्यात पंप, पंपाला वीज. उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसं जातात हे विदर्भात कोणाला सांगायला नको. अर्थिंग तपासून घ्या, ताट्या पक्क्या बसवा, आणि घरात कोणी नसताना कूलर चालू ठेवायचाच असेल तर मांजराचा हात टाकीपर्यंत पोहोचणार नाही अशी सोय करा. त्याला पाण्याशी खेळायचंच आहे ना? मग मोरीत उथळ घमेलं ठेवा, त्यात एक बूच तरंगत सोडा.

कूलर बंद ठेवला तर उष्णता. हाही पेच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. या मांजराचा रानटी पूर्वज उत्तरेत हिमालयाच्या बाजूला आहे, दक्षिणेत पश्चिम घाटात आहे, आणि मधल्या आपल्या तापलेल्या पट्ट्यानं त्याची वस्ती तुटलेली आहे. भारतीय संशोधकांनी २०१० साली हे दाखवलं. म्हणजे ज्या उन्हाला त्याचा आजा टाळत आला, त्याच उन्हात आपण नातवाला टिनाच्या छपराखाली कोंडतो. वरच्या मजल्याची खोली नको. खालची, फरशीची, अंधारी खोली द्या. पाणी दोन ठिकाणी मातीच्या भांड्यात ठेवा, एक लवंडलं तरी दुसरं राहतं. लाइन जाणार हे धरूनच चाला. आणि मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकताना दिसलं, तर अंग ओल्या फडक्यानं पुसत थेट दवाखाना गाठायचा.

गच्ची आणि बाल्कनीचं पटकन सांगतो. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, ही आपली ठाम समजूत. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली, त्यात उपचार झालेल्या दहापैकी नऊ वाचली होती. लोक एवढंच सांगतात. पण ती दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती, आणि त्यांच्यातही छातीला मार होता, जबडे फुटले होते. जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? जाळी लावा.

जाण्यापूर्वी घरातून एक फेरी मारा. खेळवलेली दोरी कपाटात टाका. हे विसरू नका, कारण मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की आतच ओढला जातो आणि आतडं कापतो. शिवणाचा दोरा, लोकर, तीळसंक्रांतीनंतर गच्चीवर अडकलेला मांजा, सगळं त्यातच आलं. फिनाईलनं फरशी पुसून लगेच कुलूप लावू नका, मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं, फिनाईल त्याच्या यकृताला निभावत नाही. डांबर गोळ्या उघड्या नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, तेव्हा उशाशी पाकीट ठेवायची सवय सोडा. फुलदाणीत लिली नको. कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण लावलेलं हवं.

मांजराला उंची द्या. सुताराकडून भिंतीला चढत्या चार फळ्या ठोकून घ्या, शेवटची खिडकीशी, जिथून साळुंक्या दिसतील. दुपारचं खाणं एका वाटीत नको. प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडून तिच्यात दाणे भरा, चार ठिकाणी दडवा. गोऱ्ह्याला आपण चरायला सोडतो ते का? गव्हाणीत तेच गवत मिळत असताना? चरण्यातच त्याचा अर्धा दिवस जातो म्हणून. आणि गोऱ्ह्याला निदान दाव्याला बांधता तरी येतं, याचं दावं म्हणजे तुमच्या घराच्या भिंती, त्या त्यानं ओरबाडल्या तर... असो, वेळ जातो आहे.

तर पुन्हा सांगतो. आधी शिकार, मग जेवण, मग कुलूप. सकाळी एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा एकदा. पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या मूळच्या शिकारीच्या वेळा आहेत, तेव्हा यात तुमचीही सोय आहे.

किती वेळ एकटं ठेवायचं? मोठं, सवयीचं मांजर नोकरीची पाळी निभावतं. पिल्लू नाही. आणि आता थोडं रागावून बोलतो. लग्नासाठी चार दिवस गावाला जायचं म्हणून परातभर दाणे आणि बादलीभर पाणी ठेवून कुलूप लावणारे आहेत. बोक्याची लघवी तुंबली तर दोन दिवसांत जीव जातो. मांजरानं दोनतीन दिवस खाल्लं नाही तर चरबी यकृतात उतरते. हे पाहणार कोण, ती परात? शेजारच्या काकूंना किल्ली द्या, दिवसातून दोनदा डोकावायला सांगा. आणि त्यांना आधी एकदा बोलावून ते काठीचं खेळणं त्यांच्या हाती देऊन दाखवा.

एक कायद्याची गोष्ट. दलाल "पहिल्या पिढीचं, अस्सल जंगली" म्हणून भाव वाढवतात. त्या फंदात पडू नका. रानटी पूर्वजाच्या पहिल्या चार पिढ्यांपर्यंतच्या संकराला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम लागतात, आणि असं जनावर एकटं घरात राहत नाही, ते घरच राहू देत नाही. सर्व्हल या आफ्रिकी रानमांजरापासून काढलेली सव्हाना नावाची जात ऑस्ट्रेलियानं २००८ मध्ये देशात येऊच दिली नाही. आणि आपल्या शेतात, संत्र्याच्या बागेत रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्लं सापडली, तर ती उचलून घरी आणायची नाहीत. आई जवळपास असते. आणायची सोय कायद्यानंही नाही. वनखात्याला कळवा.

दुसरं मांजर सोबतीला आणावं का, हे बरेच जण विचारतात. आणावं, पण दोघांची ओळख कशी करून द्यायची हा दहा मिनिटांचा वेगळा विषय आहे, आणि काचेपलीकडून मला हात दाखवताहेत. नसबंदी आणि लस यांबद्दल तर बोलायचं राहूनच गेलं. त्यासाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. लाजू नका, मांजरासाठी आलात म्हणून तिथे कोणी हसत नाही.

उद्या सकाळी निघण्यापूर्वी एवढं करा. कूलरभोवतीची फट बोटांनी चाचपून पाहा, दोरी कपाटात टाका, आणि गजर पंधरा मिनिटं आधीचा लावा.