जुनी यंत्रे, नवी कमाई
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)

सकाळच्या सत्रानंतर पोस्टातल्या एका भगिनीने मला विचारले, "विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणतात, मग काउंटरवरचा संगणक बंद पडणार का?" प्रश्न साधा, पण त्यात मोठे अर्थकारण दडलेले आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा स्टेशनमास्तर. कोणते काम कोणत्या लाइनीवर घ्यायचे, कोणाला थांबवायचे, हे ती ठरवते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. मात्र यापुढे त्यात सुरक्षेचे भगदाड सापडले, तर ते बुजवून घेण्यासाठी कार्यालयांना वेगळे पैसे मोजावे लागतात. संस्थांसाठी कंपनीने जाहीर केलेला दर असा : पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षी सामील झालात, तर पहिल्या वर्षाचेही भरायचे. दुरुस्ती एकदाच तयार होते आणि लाखो यंत्रांना विकली जाते. माल जुना होत जातो, भाव मात्र चढत जातो!

मग पैसे न देता जुनेच चालवावे का? तेही चालणार नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू जगभर दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांत शिरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्या विषाणूवरची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती; ती अनेक ठिकाणी बसवलीच गेली नव्हती. म्हणजे दुरुस्ती विकत घेऊन भागत नाही, ती वेळेवर बसवणारे हातही लागतात.

आता आपल्या रेल्वेकडे वळू. आरक्षण खिडकीमागची यंत्रणा २०१० साली बसवलेली असून ती इटॅनियम संगणकांवर आणि ओपन व्हीएमएस या सिस्टिमवर चालते, असे सरकारने २०२५ मध्ये सांगितले आणि ती बदलण्याचे काम हाती घेतल्याचेही सांगितले. या व्हीएमएसची जन्मकथा बोधप्रद आहे. १९७७ साली अमेरिकेच्या डिजिटल कंपनीने ती आणली. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. २०१३ मध्ये एचपीने व्हीएमएसमधून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. तेव्हा २०१४ मध्ये व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाची एक छोटी कंपनी पुढे आली. तिने हक्क घेतले, आणि २०२२ मध्ये तीच सिस्टिम आजच्या साध्या प्रोसेसरसाठी उपलब्ध करून दिली. तिचे भांडवल कोणते? व्हीएमएसवर वर्षानुवर्षे काम केलेले जुने अभियंते! मोठ्या कंपनीने ज्याला भंगार ठरवले, त्यावर त्या माणसांच्या अनुभवातून नवा धंदा उभा राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीत एक जाहिरात निघाली. आगगाडीच्या चालकासमोरचे पडदे सांभाळण्यासाठी विंडोज ३.११ आणि डॉस जाणणारा माणूस हवा होता. ३.११ ही १९९३ सालची सिस्टिम! जग हसले. पण साथींनो, यात हसण्यासारखे काही नाही. इंजिन काही दशके चालते, सॉफ्टवेअरचा सपोर्ट दहा वर्षांत संपतो. हे अंतर कोणीतरी भरून काढावेच लागते, आणि जो भरून काढतो त्याच्या हाती पैसा जातो.

संगणक आला तेव्हा आपल्याला भीती होती की माणूस जाईल. आज उलटेच दिसते आहे. यंत्र जुने झाले की त्याची किंमत घटते. ते चालवण्याचे ज्ञान दुर्मिळ झाले की त्याची किंमत वाढते. ते ज्ञान आज आपल्या कार्यालयांत आहे. जुना प्रोग्रॅम कुठे अडतो, बॅकअप कसा परत आणायचा, हे ठाऊक असलेला माणूस निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. त्याची वही कपाटात राहते, पद रिकामे राहते. पुढे तेच काम कंत्राटदाराकडे जाते आणि खाते त्याच ज्ञानासाठी दरवर्षी बिल भरते.

म्हणून आपण चार मागण्या धराव्यात. पहिली, यंत्रणा खरेदी करतानाच सपोर्ट किती वर्षे आणि त्यानंतर कोणत्या दराने, हे करारात लिहून घ्यावे. दुसरी, तिची सर्व माहितीपुस्तके व नोंदी खात्याच्या ताब्यात असाव्यात. तिसरी, जाणकाराच्या निवृत्तीपूर्वी दोन कायम कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत त्याच्या हाताखाली तयार करावे. चौथी, हे जादा कौशल्य वापरणाऱ्याला त्याचा भत्ता मिळावा.

त्या भगिनीला माझे उत्तर एवढेच : संगणक बंद पडणार नाही. पण त्याला चालू ठेवण्याचा मोबदला कोणाच्या खिशात जाणार, हे आपण आज जागे राहतो की नाही यावर ठरेल. गावी परतल्यावर आपापल्या शाखेत पहिले काम करा : असे जाणकार किती आहेत आणि ते कधी निवृत्त होणार, याची यादी करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!