बायकांची निवृत्ती



वर्धापनदिनाला कुणीतरी चार शब्द बोलावेत म्हणून माझे नाव पुढे झाले. मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही, तेव्हा घरातलेच सांगते.

आमचे मामंजी रेल्वेत गँगमन होते. साठ वर्षे पुरी झाली आणि ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, हार, पेढे, सगळे यथासांग झाले. पहिले काही महिने त्यांना करमेना. पहाटे उठून बसायचे नि गाडीचा आवाज आला की घड्याळ बघायचे. पुढे त्यांनी आपली सोय लावून घेतली. सकाळी परसातली भेंडी, संध्याकाळी स्टेशनावरचा बाक. कसाऱ्याची लोकल किती उशिरा आली हे आमच्या घरात त्यांच्याकडूनच कळते. पेन्शन आहे, गप्पांना सोबती आहेत. त्यांचे बरे चालले आहे.

सासूबाईंच्या निवृत्तीला मात्र नारळ फुटला नाही. ती मीच दिली, आणि दिली हे मला कळलेसुद्धा नाही. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून मी म्हटले, "आई, आता तुम्ही बसा. पुष्कळ केलेत." आधी भाकऱ्या माझ्याकडे आल्या, मग दळण, मग दुधाचा हिशेब. शेजारणी म्हणत, "सून चांगली हो तुमची!" मलाही बरे वाटे. सासूबाई उंबऱ्याशी बसून राहायच्या आणि दहा वेळा विचारायच्या, "आज भाजी काय गं?" मी कधीकधी तुटक उत्तर द्यायची, हे कबूल करते.

एके दुपारी पाहते तो मी निवडून ठेवलेले तांदूळ सुपात घेऊन त्या पुन्हा निवडीत होत्या. मी म्हटले, "आई, ते निवडलेलेच आहेत." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं मला. हातांना काय सांगू?"

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. आपण विसावा दिला की काम काढून घेतले?

आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथली आजीबाईंची शाळा आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकली असेल. २०१६ च्या शिवजयंतीच्या सुमारास तिथल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की आम्हालाही वाचता आले असते तर! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात दिला आणि त्याच वर्षी ८ मार्चला, महिलादिनी, शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आजीबाई, अंगावर गुलाबी लुगडे, खांद्याला दप्तर. घरची कामे आटोपून दुपारी दोन तास. कुणाला नीट दिसत नव्हते, कुणाला कमी ऐकू येत होते, काल शिकलेले आज विसरायचे. तरी अंगठ्याच्या जागी सही आली. शिकवणारी गावातलीच सून, आणि समोर बसलेल्यांत तिची स्वतःची सासू! ते वाचून मी मनाशी म्हटले, मग मला काय झाले?

मुलाची जुनी पाटी माळ्यावर होती ती काढली. सासूबाई आधी चिडल्या. "मसणात गवऱ्या गेल्या नि आता पाटी?" म्हणाल्या. आठ दिवस पाटीला हात लावला नाही. मी मग दोन गोष्टी केल्या. रोजच्या भाकऱ्या त्यांना परत दिल्या, पाटावर बसून नव्हे, ओट्याशी स्टूल ठेवून. आणि भाकऱ्या झाल्यावर पाटी पुढे ठेवली. 'क'चे पोट त्यांना जमेना. महिना गेला. नाव लिहायला दिवाळी उजाडली.

गेल्या महिन्यात मामंजींना बोलवायला आम्ही दोघी स्टेशनावर गेलो. सासूबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या. 'ख' ओळखला, 'डी' ओळखली. मग विचारतात, "हिच्या डोक्यावर हे काय बसलंय?" मी म्हटले, "तो र आहे." "मग तो रांगेत का नाही?" मला काही सांगता येईना. मामंजी बाकावरून बघत होते. एवढी वर्षे ह्याच रुळांवर काढली, पण बायकोला ती पाटी वाचताना त्यांनी प्रथमच पाहिले.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. हळदीकुंकवाला आपण म्हाताऱ्यांना पुढे खुर्ची देतो, वाण देतो, आणि कामाच्या वेळी "तुम्ही बसा" म्हणतो. मंडळाची खोली बुधवारी नि शनिवारी दुपारी रिकामीच असते. तिथे दोन तास आपल्या सासवा, आया, मावश्या येऊन बसू देत. ज्यांना अक्षरे नकोत त्यांनी गोधडी शिवावी, नाहीतर आम्हाला जुनी गाणी सांगावीत. मला ती येत नाहीत आणि शिकायची आहेत. येत्या बुधवारी सासूबाईंना घेऊन मी येणार आहे. चार पाट्या माझ्याकडे आहेत. खडू मंडळाने द्यावेत.